काकूंच्या बाजूचं दार

जुन्या गाडीत दाराच्या आतल्या बाजूला काच वर-खाली करायचं जे हँडल असतं ना, ते एका एवढ्याशा क्लिपवर तगून असतं. दिसायला घोड्याच्या नालेसारखी, आकाराने अंगठ्याच्या नखाएवढी, आणि बसलेली असते हँडलच्या मागे दडून. नवख्या माणसाला स्क्रू कुठे सापडत नाही. मग तो हँडल ओढतो, पिळतो, आणि शेवटी तोडून मोकळा होतो. ज्याला ठाऊक असतं तो सुती चिंधी घेतो, हँडल आणि दार यांच्यामधल्या फटीत सरकवतो आणि बूट चमकवावा तशी दोन्ही टोकांनी इकडून तिकडे ओढत राहतो. चिंधी क्लिपच्या टोकाला अडकते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि क्लिप उडते. कुठे उडेल ते देवालाच ठाऊक.

देवाला आणि काकूंना.

काकूंचं अर्धं आयुष्य या क्लिपा झेलण्यात गेलं. त्यांचे यजमान गाड्यांच्या आतल्या कामाचे कारागीर. गल्ली त्यांना ‘दारवाले’ म्हणायची. काच अडकली, खटका तुटला, दाराच्या आतला रेक्झीनचा पॅड सुटला, की गाडी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायची. पॅड शिवायचं काम काकूंचं. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं मशीन होतं. पण हँडल काढायची वेळ आली की काका शेडमधून नुसता खाकरायचे. हाक नाही, नाव नाही, एक खाकरणं. काकू मशीन सोडून यायच्या, उघड्या दारापाशी गाडीच्या सीटच्या कडेला बाहेर पाय सोडून बसायच्या आणि अंगावरच्या जाड एप्रनची दोन टोकं धरून तो हँडलखाली झोळीसारखा पसरायच्या. काका समोर बुटक्या स्टुलावर. चिंधी सर-सर-सर, मग टक्. क्लिप एप्रनमध्ये.

“झेलली,” काकू म्हणायच्या.

“ठेव,” काका म्हणायचे.

आणि क्लिप पत्र्याच्या डबीत जायची. पस्तीस वर्षांत हा संवाद किती वेळा झाला असेल त्याला गणती नाही. काका मुलखाचे अबोल. दिवसाकाठी बोललेल्या त्यांच्या शब्दांत निम्मे शब्द ‘ठेव’ असायचे. शेजारणी म्हणायच्या, “तुमचं बरंय बाई, घरात भांडण नाही.” काकू म्हणायच्या, “भांडायला दोन तोंडं लागतात. आमच्याकडे दीडच आहे.”

दीड वर्षापूर्वी ते अर्धं तोंडही गेलं. काका सकाळी चहा पिऊन भिंतीला टेकले ते टेकलेच. देवाने त्यांना अंथरुणावर लोळवलं नाही, कोणाचं काही करून घ्यायला लावलं नाही, याबद्दल काकू रोज प्रार्थनेत आभार मानायच्या. आभार मानून झाले की बराच वेळ तशाच बसून राहायच्या, कारण त्यापुढे काय बोलायचं ते सुचायचं नाही.

शेडमध्ये उरली ती घरची गाडी. काकांनी पंचवीस वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाकडून घेतलेली, तेव्हाच म्हातारी झालेली. काका गेल्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच एका सकाळी काकूंच्या बाजूची, म्हणजे चालवणाऱ्याच्या शेजारची, काच आपोआप दाराच्या पोटात घसरली. काकूंनी त्या भोकावर जाड प्लास्टिक चिकटवलं आणि विषय मिटवला. समोरचा गॅरेजवाला आठवड्यातून एकदा येऊन पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायचा. संध्याकाळी काकू किल्ली घेऊन बाहेर यायच्या आणि चारही दारं ओढून बघायच्या. काका बघायचे म्हणून. प्लास्टिक लावलेल्या दारालाही कुलूप लावायच्या. गॅरेजवाला हसायचा. “काकू, त्या दाराला कुलूप म्हणजे उघड्या पेटीला गाठ.”

“गाठ तर गाठ. तू तुझे नट आवळ.”

मग एका रविवारी गाडी विकत घ्यायला म्हणून मास्तर आले. शाळेत गणित शिकवणारे, किडकिडीत, खिशाला दोन पेनं, आणि जुन्या गाड्यांचं वेड डोक्यात शिरलेले. त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं, इंजिनाला कान लावला. प्रत्येक फेरीला त्यांचा चेहरा उजळत गेला आणि काकूंच्या बाजूच्या दारापाशी विझला.

“काच पडलीय आत,” मास्तर म्हणाले.

“हो. दीड वर्ष झालं.”

“दीड वर्षं उघडं दार. आतून गंजून चाळण झाली असेल.” त्यांनी दारावर बोटाने टकटक केली, डॉक्टरने छाती वाजवावी तशी. “काकू, स्पष्ट सांगतो. दार आतून शाबूत असेल तर मी अख्खी गाडी घेतो, रस्त्यावर चालवतो. पण हे दार गेलेलं असेल तर दुसरं मिळत नाही हो कुठे. मग मी इंजिन तेवढं उचलतो, बाकीचं भंगारवाला कापून नेईल.”

कापून. या गाडीतले चारही पॅड, दोन्ही सीटा, छताचं कापडसुद्धा त्यांच्या हातचं.

“मग उघडून बघा ना दार.”

“तीच तर गोम आहे. माझ्या मेकॅनिकने गेल्या वर्षी एका गाडीचा पॅड ओढला, तर पुठ्ठ्याचे तुकडे हातात आले. हँडलही मोडलं. दारवाले असते तर गोष्ट निराळी होती. आता हे काम येणारा कोण उरलाय?”

“शनिवारी या,” काकू म्हणाल्या. “दार उघडलेलं असेल.”

मास्तर गेल्यावर काकूंनी त्या दाराचं हँडल चिमटीत धरून हलवून पाहिलं. एकही हँडल त्यांनी आजवर स्वतःच्या हाताने काढलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाआधी मुलाचा फोन आला. तो दूरच्या शहरात, दर रविवारी न चुकता फोन करणारा, गुणी पण घाईचा.

“अगं आई, भंगारात देऊन टाक. कशाला जिवाला घोर लावून घेतेस?”

“बापाची गाडी आहे तुझ्या.”

“बाबांनी स्वतः किती गाड्या भंगारात पाठवल्या, आठवतंय ना?”

“त्या परक्या होत्या.”

“बरं बाई. पण हाताबिताला लावून घेऊ नकोस. एकटी आहेस.”

हे वाक्य तो दर फोनला म्हणायचा. त्याची त्यात काही चूक नव्हती. फोन ठेवला की खोलीत तेवढंच वाक्य उरायचं, एवढंच.

सोमवारी गॅरेजवाला आपणहून एक हत्यार घेऊन आला. चपटं, टोकाला दोन शिंगं असलेलं. “हा हूक फटीत सारायचा, दाबायचा, क्लिप हातात. चिंधी नको, झोळी नको. एकट्याने होतं काम.”

हा हूक काकूंच्या ओळखीचा होता. बारा-पंधरा वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने तो काकांना फुकट देऊ केला होता. काकांनी उलटसुलट करून पाहिला आणि परत केला. म्हणाले होते, “एकट्या माणसाचं हत्यार आहे. मला काय करायचंय?” एवढं मोठं वाक्य काका बोलले म्हणून तो विक्रेता गेल्यावर काकू दिवसभर गालात हसत होत्या.

“ठेव तिथे कट्ट्यावर,” त्या गॅरेजवाल्याला म्हणाल्या. “लागला तर बघीन.”

मंगळवारी त्यांनी नुसती हत्यारं काढून पुसली. बुधवारी पाहुणे आल्याचं निमित्त झालं. पाहुणे म्हणजे शेजारीण, तीही वाटीभर साखर मागायला. काकूंनी तिला तासभर बसवून घेतलं. गुरुवारी दुपारी मात्र त्यांनी प्रार्थना केली, एप्रन बांधला आणि दार उघडलं.

आधी सोपं ते. हात टेकायच्या पट्टीखाली दोन स्क्रू होते, ते तेलाचा थेंब सोडून पाच मिनिटं थांबल्यावर निघाले. दार उघडायच्या आतल्या खटक्यामागे वाटीसारखं प्लास्टिक होतं, आणि त्यातल्या स्क्रूवर एक काळं झाकण. काकांनी हे झाकण नखाने उचकटताना काकूंनी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यांनीही नखाने उचकटलं. नख तुटलं, पण झाकण निघालं. कुलपाची गुंडी गोल फिरवून काढली. निघालेली प्रत्येक वस्तू त्यांनी जुन्या चादरीवर, दारावर जिथे होती तशीच मांडली. वरची वर, खालची खाली. काकांची पद्धत.

आता राहिलं काचेचं हँडल.

काकू सीटच्या कडेला बसल्या, बाहेर पाय सोडून, नेहमीसारख्या. चिंधी फटीत घातली. सर-सर-सर. चिंधी अडकल्याचं बोटांना कळलं. त्यांनी जोर लावला, ‘टक्’ झालं, आणि त्याच क्षणी त्यांच्या दोन्ही हातांनी चिंधी सोडून एप्रनची टोकं धरली.

एप्रन पसरलेला. चिंधी लोंबकळत. आणि अर्धवट निघालेली क्लिप हळूच मागे सरकून पुन्हा आपल्या खाचेत जाऊन बसलेली.

“अगं बाई,” काकू म्हणाल्या.

पुन्हा चिंधी. पुन्हा सर-सर. पुन्हा टक्. पुन्हा हात एप्रनला. तिसऱ्या वेळी त्यांनी आधीच मनाला बजावलं, सोडायची नाही, काही झालं तरी सोडायची नाही. टक् झालं आणि हात सुटले. डोक्याचं हातांपर्यंत पोहोचेतो हात आपलं काम करून मोकळे. पस्तीस वर्षांची सवय होती ती. तो आवाज आला की झेलायचं. ओढत राहायचं हे त्या हातांना कोणी शिकवलंच नव्हतं.

मग काकूंनी डोकं लढवलं. एप्रन सोडला, त्याची दोन टोकं सीटच्या दांडीला बांधली आणि दोन दाराच्या बिजागरीला. झोळी आपोआप पसरली. आता झेलायचं कारणच उरलं नाही. त्यांनी चिंधी धरली, ओढली, टक् झालं. आणि हात चिंधी सोडून रिकाम्या मांडीवर, नसलेल्या एप्रनची टोकं चिमटीत धरायला गेले.

काकूंना हसू आलं. एकटीने बसून मोठ्याने हसल्या. समोरून गॅरेजवाला ओरडला, “काय झालं काकू?”

“काही नाही. माझेच हात माझं ऐकेनात.”

“हूक घ्या, हूक!”

कट्ट्यावर हूक चकाकत होता. काकूंनी उठून तो हातात घेतला. चांगला वजनदार होता, मुठीत नीट बसत होता. दोन मिनिटांत काम झालं असतं. शनिवारला एकच दिवस मध्ये होता, आणि हूक वापरण्यात पाप तर नव्हतं. त्या तो घेऊन दारापाशी आल्या आणि त्यांना ते बुटकं स्टूल दिसलं.

स्टूल शेडच्या कोपऱ्यात, मशीनच्या जुन्या खोक्याखाली होतं. दीड वर्षात त्याला कोणी हात लावला नव्हता. शेड झाडतानाही काकू त्याच्या कडेने झाडायच्या. त्यांनी हूक जागेवर ठेवला, खोकं उचललं, स्टूल पुसलं, उघड्या दाराच्या टोकाशी मांडलं आणि त्यावर बसल्या.

पस्तीस वर्षांत त्या इथे कधी बसल्या नव्हत्या. इथून सगळंच निराळं दिसत होतं. दार डाव्या हाताला आलं. हँडल डोळ्यांच्या उंचीला. आणि हँडलच्या पलीकडे, बरोबर समोर, गाडीची सीट. तिच्या कडेला, काकू पंचवीस वर्षं बसत-उतरत आल्या तिथे, रेक्झीन बसून बसून दबलं होतं, खोलगट झालं होतं, तिथे शिवण काळवंडून चपटी झाली होती. काकूंना वाटलं, अरे, एवढी मोठी खूण आणि आपल्याला कधी दिसली नाही. दिसणार कशी? त्या खुणेवर आपण स्वतः बसलेलो असायचो.

काका मान खाली घालून काम करतात असं त्यांना कायम वाटायचं. या स्टुलावर बसून मान खाली घातली तर हँडल दिसत नव्हतं. हँडल दिसायला मान वर करावी लागत होती, आणि मान वर केली की समोर ती जागा.

काकूंनी मान तशीच वर ठेवली. गल्लीतून एक सायकल गेली. कुठेतरी प्रेशर कुकर शिट्टी द्यायला लागला.

मग त्यांनी चिंधी फटीत घातली. या बाजूने हात वेगळे पडत होते. उजवा वर, डावा खाली. सर-सर-सर. चिंधी अडकली. इथे बसून झेलण्याची सवय त्या हातांना नव्हती. टक् झालं आणि हात ओढत राहिले. क्लिप एवढीशी उसळली, समोरच्या बांधलेल्या झोळीत पडली आणि कापडावर जराशी घरंगळून थांबली.

कोणी काही म्हणालं नाही.

काकूंनी थोडी वाट पाहिली. मग समोरच्या सीटकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, “ठेव.”

आणि उठून त्यांनी ती डबीत ठेवली.

पुढचं काम तसं त्यांच्या हातचंच. पॅड बाहेरून कसा दिसतो यापेक्षा मागून कसा आहे ते त्यांना जास्त ठाऊक. कुठे पुठ्ठा पातळ, कुठे खिळ्यासारख्या टिकल्या दारात रुतलेल्या. स्वयंपाकघरातलं चपटं उलथनं त्यांनी फडक्यात गुंडाळलं आणि खालच्या कोपऱ्यातून आत सारलं. ओढायचं नाही, टिकलीच्या अगदी शेजारी उलथनं नेऊन तिलाच उचलायचं. एकेक टिकली ‘फट्’ करून सुटत गेली. चौदा होत्या. बाराव्या टिकलीपाशी पुठ्ठा मऊ लागला, तिथे काकूंनी उलथनं आणखी हळू सारलं. तीही सुटली. पॅड अख्खा, एक ओरखडा नाही, दोन हातांत आला.

आता खरी परीक्षा. पॅडमागे दाराला प्लास्टिकचा कागद चिकटवलेला होता, चारही कडांनी काळ्या चिकट पट्टीने बंद केलेला. काकांनीच चिकटवलेला. काकूंनी एक कोपरा सोडवला आणि बॅटरीचा उजेड आत टाकला. देवाचं नाव घेऊन पाहिलं.

तळाशी काच उभी होती, धुळीने माखलेली, पण अखंड. तिच्याखाली गंजाची एक पातळ रेघ. बस्स. बाकी पत्रा कोरडा, तेलाचा हात फिरवलेला. दाराच्या तळाला पाणी वाहून जायला तीन बारीक भोकं असतात. ती कचऱ्याने बुजली की दार आतून कुजतं. तिन्ही मोकळी होती. खालून बोट लावलं तर उजेड बोटावर पडत होता.

काका दर वर्षी एका दुपारी गाडीखाली पालथे पडून तार घेऊन काहीतरी खुडखुडत बसायचे. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “अहो, जेवायला या, अन्न निवतंय. काय शोधताय त्या गाडीखाली?” उत्तर कधी आलं नाही. जेवण निवलं की काका निवलेलं जेवायचे.

“हे होय,” काकू दाराच्या पोटात बघत म्हणाल्या. “सांगायचं होतं की.”

शनिवारी मास्तर आले. त्यांनी बॅटरी लावून दाराच्या आत इतका वेळ डोकं घातलं की काकूंना वाटलं, अडकले की काय. बाहेर आले ते केसांना जाळी लागलेले आणि तोंडभर हसत.

“काकू, हे दार माझ्या घराच्या दारापेक्षा चांगलं आहे! अख्खी गाडी घेतो.” मग चादरीवर मांडलेलं सामान आणि अखंड पॅड बघून ते उकिडवे बसले. “हे काढलं कोणी?”

“काढलं घरीच.”

“शिकवा ना मला. अजून तीन दारं आहेत, कधीतरी उघडावी लागतीलच.”

काकूंनी डबीतली क्लिप काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. “बसवताना ही आधी हँडलमध्ये घालायची, मग हँडल जागेवर धरून तळव्याने एक फटका. आपोआप बसते. काच पूर्ण बंद असताना हँडल खाली-पुढे असं तिरकं यायला हवं, नाहीतर बसणाऱ्याचा गुडघा आपटतो. आणि काढताना दोन माणसं लागतात. एक काढायला, एक झेलायला. घरी कोण असतं?”

“आई असते. पण तिला गाड्यांचा तिटकारा आहे.”

“असू दे. मलाही होता. समोर बसवा त्यांना.”

मास्तरांनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं: दोन माणसं. गणितवाले ते, त्यांना आकडा लक्षात राहिला.

पॅड आणि चादरीतलं सामान मागच्या सीटवर गेलं. गॅरेजवाल्याने इंजिन चालू करून दिलं. गाडी शेडमधून निघाली, कोपऱ्यावर थोडी कुरकुरली आणि वळली. काकूंनी हूक त्याच्या हातात परत दिला.

“हुकाने निघाली ना?” त्याने विचारलं.

“चिंधीने.”

“एकट्या?”

काकू खाकरल्या फक्त. आणि खाकरून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हे आपलं खाकरणं नव्हे.

रविवारच्या फोनची वाट न बघता मुलाने शनिवारीच फोन केला. “गेली का गाडी?”

“गेली.”

“ओढून नेली ना?”

“नाही रे. चालत गेली.”

“वा! मग आता कसं वाटतंय?”

“आता काय,” काकू म्हणाल्या. “कोरडं होतं दार आतून.” मुलाला त्यातलं काही कळलं नाही. तो म्हणाला, हात सांभाळ, एकटी आहेस, आणि फोन ठेवला.

दिवस मावळायच्या सुमारास काकू नेहमीप्रमाणे बाहेर आल्या. शेडमध्ये चार दारं ओढून बघायला. जमिनीवर गाडीच्या आकाराची दीड वर्षाच्या धुळीची एक चौकट होती, बाकी सगळं झाडलेलं. त्या चौकटीच्या कडेला बुटकं स्टूल होतं, गुरुवारी ठेवलं होतं तिथेच. काकूंनी केरसुणी घेतली आणि शेड झाडायला सुरुवात केली. स्टुलापाशी आल्या तशा थबकल्या.

मग त्यांनी ते उचललं, त्याखालची जागा झाडली आणि स्टूल आत नेऊन मशीनसमोर ठेवलं, काकांच्या स्टुलापासून सीटच्या कडेला त्या बसायच्या तेवढ्याच अंतरावर. हात धुतले. तुटलेल्या नखाखालचं काळं निघालं नाही. तशाच हातांनी त्या प्रार्थनेला बसल्या.